शिवणाच्या बाईंची पाच मिनिटं

रोजचं वर्तमानपत्र कधीही विकत न घेणाऱ्या एका बाईंवर मी अकरा वर्षं जळत होते. जळणं हाच शब्द बरोबर आहे. मराठीची शिक्षिका असल्यामुळे याहून सभ्य शब्द माझ्याजवळ बरेच होते. ते सगळे मी स्वतःला लावून पाहिले, पण एकही मापात बसला नाही.

त्या आमच्या शाळेत शिवण शिकवायच्या. आमची मुलींची शाळा सीताबर्डीच्या मागच्या अंगाला होती, आणि त्या कामठीहून रोज बसने यायच्या. उंच, हाडकुळ्या, पातळ घोट्याच्या चार बोटं वर, पायात पुरुषी चपला आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला कपडे मोजायची टेप. ती टेप त्या शाळा सुटल्यावरही काढत नसत. बसमध्ये शेजारचा माणूस पसरून बसला की टेप सोडून सीट मोजायच्या आणि त्याला म्हणायच्या, "हे पाहा भाऊ, अठरा इंच तुमचे, अठरा माहे. तुमी तेवीसवर बसून राहिले." माणूस मुकाट्याने सरकायचा आणि सगळी बस हसायची. मी दोनदा त्यांच्याबरोबर त्या बसमध्ये होते. दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघत राहिले.

नवीन वर्गाला पहिला महिनाभर त्या फक्त उसवायला शिकवत. घरून जुने झंपर, उशांचे अभ्रे आणायला सांगत आणि मुलींना टाके काढायला लावत. पालकांच्या तक्रारी यायच्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना एकदा बोलावून विचारलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मोठ्या बाई, पोरी शिवतीन तं चुकतीनच. चुकल्यावर रडत बसाचं का उसवाचं?" मोठ्या बाईंनी तक्रारवहीत काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी त्या खोलीतून हसत बाहेर आल्या, आणि मोठ्या बाईंना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता त्यांच्या वर्तमानपत्राचं सांगते. ज्या कागदात काही बांधून आलं असेल, तो कागद हे त्यांचं वर्तमानपत्र. भाजीचा, बटणांचा, शेवचिवड्याचा. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्या डबा उघडायच्या, पोळ्यांभोवतीचा कागद मांडीवर ठेवून तळहाताने सपाट करायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या. बातमी कधी चार दिवसांची, कधी चार महिन्यांची, आणि बहुतेक वेळा अर्धी. उरलेली अर्धी त्या स्वतः पुरी करायच्या.

"'अपघातस्थळी मंत्र्यांनी तीव्र दुःख व्यक्त केले व'," त्यांनी एकदा वाचलं. पुढे कागद फाटलेला. "व! व मंजे अजून काही केलं त्यानं. का केलं असन?" घास चावून होईपर्यंत थांबल्या. "व जेवाले गेले."

खोलीत बारा बायका होत्या. बाराजणींचे डबे थांबले.

बातम्यांपेक्षा जाहिराती त्यांना जास्त आवडायच्या. केशतेलाची जाहिरात असायची, पाठमोरी बाई, केस गुडघ्यापर्यंत. "सहा महिने झाले, मी ह्या बाईले पाहून राहिली," त्या म्हणायच्या, "एकडावही वळली नाही. केस वाढता वाढता तोंड कोणीकडं गेलं ते तिलेही समजत नसन." हिवाळी अधिवेशनाच्या आधी सिव्हिल लाइन्समधल्या रस्त्यांवर डांबर पडायचं, त्याबद्दल म्हणायच्या, "आपल्याले स्वेटर काढाव लागते, सरकारले डांबर." एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आकाशातून कुठलं तरी अमेरिकन यान कोसळणार म्हणून सगळं गाव धास्तावलं होतं. भूगोलाच्या बाई तर वर्गात नकाशा काढून समजावून सांगत होत्या. शिवणाच्या बाईंच्या कागदावर एवढंच आलं होतं की नागरिकांनी घाबरून जाऊ नये. "सरकार घाबरू नका बोलून राहिलं," त्या म्हणाल्या, "मंजे पक्कं पडते."

हे मी इथे लिहिते तेव्हा त्यातलं निम्मं उडून जातं, हे मला कळतं. आवाज एकदम मोठा, चेहरा एकदम कोरा, आणि वाक्य संपलं की लगेच दुसरा घास. आपण काही गंमत केली आहे, याचा त्यांना पत्ताच नसल्यासारखं. मला वाटायचं, हे सोंग आहे. पुढे कळलं की सोंग नव्हतं, आणि ते कळल्यावर मी जास्तच जळले.

कारण माझं उलट होतं. मी मराठीची एम. ए., धरमपेठेतली, प्राध्यापकाची मुलगी. घरी रोज दोन वर्तमानपत्रं यायची. मला विनोदी लेखिका व्हायचं होतं. त्यासाठी मी कात्रणांची वही ठेवली होती. बातमी एका बाजूला चिकटवायची आणि तिच्यावरचं खुसखुशीत भाष्य दुसऱ्या बाजूला लिहायचं. एक भाष्य मी तीन-तीन दिवस घासायची. सहा वर्षांत रविवारच्या पुरवण्यांकडे तीसेक लेख पाठवले, त्यातले तीन छापून आले.

त्या तीन लेखांतला एक शिवणाच्या बाईंच्या मांडीवर आला. बटणांच्या पुडीचा कागद होता. मी समोरच बसले होते. त्यांनी नाव वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ओरडल्या, "अवं, हे तं आपल्या बाई होय! थांबा, सगळ्या जणी आयका." आणि त्यांनी माझा लेख मोठ्यानं वाचला. पहिले दोन परिच्छेद. कुणी हसलं नाही. बायका चांगल्या मनाच्या होत्या, सगळ्या माना हलवत होत्या. गणिताच्या बाई 'वा' म्हणाल्या. लेखाचा शेवट संपादकांनी कापून तिथे तपकिरीची जाहिरात घातली होती. शिवणाच्या बाई वाचता वाचता न थांबता तिच्यात शिरल्या, "'एक चिमूट घ्या, दिवसभर ताजेतवाने राहा.' दिवसभर शिंकून माणूस ताजा कसा राहीन?" आणि खोली कोसळली.

हसू ओसरल्यावर त्या माझ्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाल्या, "छान लिहलं बाई तुमी. लय कष्ट घेतलेले दिसते."

त्या संध्याकाळी मी ती वही माळ्यावर टाकली. आठ दिवसांनी काढली.

घरी त्याहून वाईट चाललं होतं. माझे यजमान बँकेत होते. अबोल माणूस. एकदा जेवताना काही बोलायचं म्हणून मी शिवणाच्या बाईंचं एक वाक्य सांगितलं. ते हसले. इतके हसले की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी घरी येऊन चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "आज काय म्हणाल्या?" मग तो रोजचा प्रश्न झाला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मी आज काय लिहिलं, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. एकदा चिडून मी माझंच एक वाक्य शिवणाच्या बाईंच्या नावावर सांगून पाहिलं. ते पोळी मोडत म्हणाले, "आज त्यांची तब्येत बरी नव्हती का?"

गोरेपणाच्या मलमाचा किस्सा तर मी डोळ्यांनी पाहिला. जाहिरातीत सात दिवसांत रंग उजळेल असं लिहिलं होतं. शिवणाच्या बाईंनी ते मलम घेतलं आणि सात दिवस फक्त डाव्या हाताला, कोपरापर्यंत चोळलं. आठव्या दिवशी शाळा सुटल्यावर मला म्हणाल्या, "बाई, जरा चला माह्यासोबत, साक्षीदार पाहिजे." मला वाटलं कापड घ्यायचं असेल. मलम जिथून घेतलं होतं, त्या सीताबर्डीवरच्या दुकानात त्या सरळ शिरल्या आणि दोन्ही हात काउंटरवर उताणे ठेवले.

"ओळखा," त्या दुकानदाराला म्हणाल्या, "मलमाचा कोणता?"

दुकानदार गोंधळला. त्याने उजव्या हाताकडे बोट दाखवलं.

"याले साधं पाणीही धड नाही लागलं. मलम याले," आणि डावा हात उचलून त्यांनी गिऱ्हाइकांना दाखवला. गर्दी जमली. दुकानदार घाईघाईने म्हणाला, "ताई, दुसरी डबी घेऊन जा, फुकट. अजून आठ दिवस लावून पाहा."

"दुसरी नको. मले कोठी गोरं व्हाचं होतं? मले तं फक्त पाहाचं होतं, का जाहिरातवाल्याले सात दिवस मोजता येते का नाही."

त्या गर्दीत माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई होती. पोट धरून हसत होती. मला शरमेने मेल्यासारखं झालं. पण दुकानातून बाहेर पडताना माझ्या मनात शरम नव्हती. हे मला का सुचत नाही, एवढंच होतं. घरी जाऊन मी तो सगळा प्रसंग लिहून काढला, तीन दिवस घासला आणि पाठवला. साभार परत आला.

त्याच हिवाळ्यात शाळेचं स्नेहसंमेलन झालं. रेडिओवर बायकांचा कार्यक्रम बसवणाऱ्या एक बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. मी त्यांना ओळखत होते, कारण त्यांच्याकडे मी दोनदा नमुन्याची भाषणं पाठवली होती आणि दोन्ही वेळा 'भाषा उत्तम' असा शेरा येऊन पुढे काही झालं नव्हतं. चहाच्या वेळी मी मुद्दाम त्यांच्या शेजारी जागा धरली. पण पलीकडे शिवणाच्या बाई चिवड्याचा कागद सपाट करत होत्या. दहा मिनिटांनी रेडिओच्या बाई डोळे पुसत होत्या, आणि माझ्याशी त्यांचं अर्धं राहिलेलं वाक्य अर्धंच राहिलं.

जाताना त्यांनी शिवणाच्या बाईंचे हात धरले. "दर महिन्याला पाच मिनिटं. बातम्या, जाहिराती, सिनेमा, तुम्हाला हवं ते. एकदा ध्वनिमुद्रण करून बघू, जमलं तर पुढे चालू ठेवू. फक्त आधी लिहून द्यावं लागतं, तो नियम आहे. पण जसं बोलता तसंच लिहा हं. अगदी तसंच." हे शेवटचं त्या दोनदा म्हणाल्या. पहिल्यांदा शिवणाच्या बाईंना, आणि मराठीची शिक्षिका म्हणून दुसऱ्यांदा मला.

शिवणाच्या बाईंचं शिक्षण सातवीपर्यंत आणि मग शिवणाची परीक्षा. मापं लिहिण्यापलीकडे त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आल्या. "बाई, मी बोलतो, तुमी लिहा."

त्या बोलताना 'बोलतो' म्हणायच्या, आणि मी मनातल्या मनात 'बोलते' करायची. सवय होती.

शिवणाच्या वर्गात मशीनवर झाकण टाकून मी लिहायला बसले. त्या खिडकीत उभ्या राहून पाऊण तास बोलल्या. मी हसू दाबून लिहीत होते, शाई फुटत होती. सीताबर्डीवरच्या एका साड्यांच्या दुकानावर कायम 'सेल, अखेरचे तीन दिवस' अशी पाटी असायची. त्यावर त्या म्हणाल्या, "ह्या दुकानाचे अखेरचे तीन दिवस माह्या लग्नाच्या आधीपासून चालू हाय. इतका जीव तं माह्या सासूचाही नोयता." सिनेमातल्या आंधळ्या आईला शेवटी देवळात घंटा वाजल्यावर दिसायला लागतं, त्यावर म्हणाल्या, "मंग आमच्या कामठीत मोतीबिंदूवाल्याईले कायले दवाखान्यात नेते? घंटीखाली बसवा ना!"

कागद घेऊन मी घरी आले. पक्की प्रत करायची होती. यजमानांना वाचून दाखवलं नाही, कारण ते हसले असते.

टेबलाशी बसून मी पहिलं वाक्य उतरवलं आणि थांबले. मग सुधारलं. मी स्वतःला सांगितलं की रेडिओवर हे बरं दिसणार नाही, लोक बाईंनाच हसतील. असं सांगून मी पुढचं वाक्यही सुधारलं. चार ओळी झाल्यावर मला स्वच्छ कळलं होतं की मी काय करते आहे. तरी हात थांबला नाही. "सदर दुकानाचे अखेरचे तीन दिवस माझ्या विवाहापूर्वीपासून सुरू आहेत. एवढे दीर्घायुष्य माझ्या सासूबाईंनाही लाभले नव्हते." मोतीबिंदूच्या वाक्यात मी 'नेत्ररुग्ण' घातलं. पाच पानं. एकही व्याकरणाची चूक नव्हती. इतकं सुबक अक्षर मी माझ्या लेखांनाही काढलं नव्हतं.

शिवणाच्या बाईंनी ते वाचलं. ओठ हलवत, हळूहळू. "हे मीच बोलली का?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच आहे. फक्त शुद्ध केलं."

"असंच लागते का त्याईले?"

"हो," मी म्हटलं. "रेडिओवर शुद्धच लागतं."

त्यांनी मान डोलावली. माझा शब्द त्यांच्यासाठी शेवटचा होता, मराठीचं मला कळतं म्हणून. पुढचे आठ दिवस शिक्षकांच्या खोलीत कागद सपाट झाला नाही. त्या कोपऱ्यात बसून 'दीर्घायुष्य' आणि 'नेत्ररुग्ण' पाठ करत होत्या.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी रेडिओच्या बाई आजारी होत्या. त्यांच्या जागी एक पोक्त गृहस्थ होते. त्यांनी पानं चाळली, "वा, भाषा स्वच्छ आहे," म्हणाले आणि तांबडा दिवा लावला. काचेच्या अलीकडून मी पाहत होते. शिवणाच्या बाईंनी टेप गळ्यातून काढून हातात गुंडाळली होती. त्या दुसरीतल्या मुलीसारख्या वाचत होत्या, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. आवाज लहान झाला होता. हसायच्या जागी त्या स्वतःच थांबून घेत आणि पुढे जात. माझ्या शेजारी ते गृहस्थ घड्याळ पाहत होते.

"बरं झालं का?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"छान झालं," मी म्हटलं.

परतताना आम्ही सायकलरिक्षा केली. वाटेत त्यांनी टेप पुन्हा गळ्यात घातली. मग म्हणाल्या, "मी तं नाहीच बोलली असती, बाई. पण घरच्याईसाठी बोलली."

त्यांचे यजमान कामठीत पॉवरलूमवर होते, एवढंच मला ठाऊक होतं. त्या दिवशी बाकीचं कळलं. वीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढून त्यांचे कान गेले होते. समोरच्याचं बोलणं त्यांना कळत नसे. पण रेडिओ पूर्ण मोठा करून कानाला लावला की ऐकू यायचं. तेवढं एकच त्यांना ऐकू यायचं.

"तुमी सगळ्या जणी हासता माह्या बोलण्यावर," त्या म्हणाल्या. "मले समजत नाही काहून हासता, पण हासता. ते नाही हासले कधी. पंधरा वर्षं झाले, माहं बोलणंच त्याईच्या कानात गेलं नाही, तं हासतीन कसे? शुक्रवारी आयकतीन."

शुक्रवारला चार दिवस होते. रिक्षा फिरवता आली असती. त्या गृहस्थांना सांगता आलं असतं की मूळ कागद माझ्या पिशवीत आहे, पुन्हा घ्या. मला ते सुचलं नाही असं नाही. रिक्षा व्हेरायटी चौकात येईपर्यंत मला दुसरं काही सुचतच नव्हतं. मी उतरले आणि घरी गेले.

कार्यक्रम झाला. शनिवारी सगळ्या जणी शिवणाच्या बाईंची वाट पाहत होत्या. भाषण सगळ्यांनी ऐकलं होतं आणि काय बोलावं ते कुणालाच कळत नव्हतं. भूगोलाच्या बाई एवढंच म्हणाल्या, "उच्चार किती स्पष्ट होते हो तुमचे." मग कुणी तरी विचारलं, "घरच्यांनी ऐकलं का?"

"आयकलं ना," शिवणाच्या बाई डबा उघडत म्हणाल्या. "ते बोलले, आवाज मोठा कर. मी केला. कान लावून बसले. पुरे पाच मिनिटं हालले नाही. मंग मले बोलले, ह्या बाईचं झालं वाटते, आता तुहा नंबर कधी हाय?"

खोलीत हशा फुटला. इतकं हसू त्या खोलीत त्याआधी कधी झालं नव्हतं. गणिताच्या बाईंनी टेबलावर डोकं टेकलं. "मंग?" कुणीतरी विचारलं.

"मंग का? मी हातानं सांगतलं, मीच तं होय. ते बोलले, चाल, थट्टा नको करू."

मीही हसले. न हसून चाललं नसतं.

आठवड्याभरात रेडिओच्या बाईंचा निरोप आला. शिवणाच्या बाईंचं काही जमलं नाही, तेव्हा दुसरं कुणी लिहीत असेल तर कळवा. मी कळवलं. दर महिन्याची पाच मिनिटं मला मिळाली आणि मी ती दोन वर्षं बोलले. पाच मिनिटांसाठी मी पंचवीस दिवस घासायची. शिवणाच्या बाई प्रत्येक भाषणानंतर न चुकता म्हणायच्या, "आयकलं बाई. छान झालं." यजमानही ऐकायचे. ऐकून झालं की रेडिओ बंद करायचे आणि विचारायचे, "आणि शाळेत काय विशेष?" दोन वर्षांनी कार्यक्रम बदलला. माझी भाषणं का थांबली, हे एकाही श्रोत्याने पत्र लिहून विचारलं नाही.

शिवणाच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा नागपुरात घराघरांवर टीव्हीचे अँटेना दिसायला लागले होते. निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं. मी मनापासून बोलले. मुली रडल्या. मग मोठ्या बाईंनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या शाल सावरत उठल्या. "बाईनं माह्याबद्दल इतकं चांगलं सांगतलं," त्या म्हणाल्या, "का मले वाटलं मी मेली." आणि खाली बसल्या. रडणाऱ्या मुली रडता रडता हसायला लागल्या. माझं भाषण तिथेच संपलं.

त्यांचा नारळ आणि पिशवी घेऊन मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. कामठीची बस उभी होती, सुटायला अवकाश होता. तिथे मी त्यांना सांगितलं. काही ठरवलं नव्हतं, तोंडातून निघालं. रेडिओच्या बाईंनी जसं बोलता तसंच लिहा म्हटलं होतं, शुद्ध मी केलं, मुद्दाम केलं.

त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. "मुद्दाम?"

"हो."

"काहून?"

"तुमच्यावर जळत होते."

"माह्यावर?" त्यांनी स्वतःकडे खालपर्यंत पाहिलं, चपलांपर्यंत.  त्यांचे यजमान आदल्या वर्षी गेले होते. "ते जाईपर्यंत मानले नाही," त्या हळूच म्हणाल्या. "त्याईले वाटे, मीच थट्टा केली."

 कंडक्टरने घंटी मारली. त्या पायरीवर चढल्या, दांडा धरून वळल्या. राग होता चेहऱ्यावर, नव्हता असं मी म्हणणार नाही.

"मंग तुमी दोन वर्षं बोलल्या ना रेडिओवर. मजा आली का?"

"नाही," मी म्हटलं.

"एकडावही नाही?"

"नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "मंग तं दोघींचंही वाया गेलं."

बस हलली. दाराजवळ उभी असलेली एक अनोळखी बाई ते ऐकून हसली. तिला काय चाललंय याची काहीच कल्पना नव्हती, तरी हसली. शिवणाच्या बाई आत जाऊन बसल्या, त्यांनी मागे पाहिलं नाही. मी तिथेच उभी होते. लाज वाटली, रडूही आलं, पण ते सगळं घरी पोचल्यावर. तिथे रस्त्यावर उभी असताना पहिल्यांदा जे मनात आलं ते खरं सांगते. हे वाक्य मला सात जन्मांत सुचलं नसतं.